हाफिजभायचा टेलिफोन

ज्याला कान आहे पण तोंड नाही, असा एक जुना जिओफोन आज तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. मी ग्रामोफोनचा भाऊ नाही आणि टेलिफोनचा तर कुणीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच गैरसमजातून माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग घडला.

दिसायला मी अगदी साधा. मुठीत मावेल एवढा धातूचा डबा, खाली अणकुचीदार खिळा आणि पाठीतून निघालेली वायर. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे आणि नाजूक स्प्रिंगवर टांगलेलं केसाहून बारीक तारेचं वेटोळं. जमीन हलली की तिच्याबरोबर मी हलतो, पण वेटोळं आळशी माणसासारखं जागच्या जागी राहू पाहतं. त्या ओढाताणीत इवलीशी वीज तयार होते आणि वायरमधून धावत सुटते. एवढंच माझं काम. जमीन हलली की कळवायचं. का हलली, ते मला विचारायचं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझ्या शेजारी टाचणी टाकली, तेव्हा यंत्राचा काटा थरथरला. "कान तिखट आहेत याचे," ती म्हणाली आणि तिने मला खोक्यात ठेवलं. तेव्हापासून मी थोडा गर्विष्ठ झालो. पुढे आमचं खोकं बोटीत चढलं आणि बरेच दिवस समुद्राचा खळखळाट ऐकून मी कंटाळून गेलो. शेवटी कतारमधल्या उम्म सईदच्या धक्क्यावर आम्ही उतरलो. पन्नाशीच्या दशकातली ती गोष्ट. तिथून लॉरीने दक्षिणेला नेलं, जिथे वाळूच्या टेकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. एवढे तिखट कान घेऊन मी आलो आणि ऐकायला होता फक्त वारा.

पण काम मोठं होतं. जमिनीच्या पोटात तेल आहे का, हे शोधायचं होतं. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून आत काय आहे ते ओळखतात ना, तसंच. खोल भोक पाडायचं, त्यात डायनामाइट ठेवायचं आणि उडवायचं. तो धक्का खाली जातो, खडकांच्या थरांवर आपटतो आणि प्रतिध्वनी होऊन वर येतो. आम्ही जिओफोन ओळीने वाळूत रोवलेले असतो. जे ऐकू येईल ते केबलमधून यंत्राच्या ट्रकमध्ये पोचवतो. तिथे काचेवर आमच्या नावाचे प्रकाशाचे ठिपके नाचतात आणि कागदावर त्यांच्या वाकड्यातिकड्या रेघा उमटतात. मात्र वाळू म्हणजे गादी. गादीवर टकटक करून आवाज ऐकायचा म्हणजे सगळ्यांनी अगदी गप्प राहायला हवं. स्फोटाच्या वेळी कुणी चालायचं नाही, गाडी चालू करायची नाही, शिंक आली तर नाक दाबायचं.

आम्हाला रोवायचं काम जहूरकडे होतं. तो कुलाबा जिल्ह्यातला, म्हसळ्याचा. बाकीचे गडी आम्हाला टाचेने ठेचत. जहूर मात्र वरची कोरडी वाळू हाताने बाजूला करी, खालचा घट्ट थर लागला की मला सरळ उभा करी आणि हळूच दाबे. "बस बाबा नीट. वाकडा बसलंस तर साहेब माझ्यावर वाकडं व्हईल," असं म्हणे. मला तिखट कानांचा म्हणून खास जागा मिळाली होती, डायनामाइटच्या भोकाला अगदी लागून. तो मान होता असं मी समजत असे. बाकीचे जिओफोन त्याला मान समजत नसत.

आता आमच्या छावणीतल्या सर्वांत मोठ्या आवाजाबद्दल सांगतो. तो डायनामाइटचा नव्हता. तो हाफिजभायचा होता.

हाफिजभाय आमचा स्वयंपाकी, बाणकोटचा. त्याच्या हाताला चव होती आणि जिभेला विश्रांती नव्हती. तो बोलता बोलता श्वास घ्यायला थांबे, पण त्याआधी "आणि" म्हणून ठेवी, म्हणजे मध्ये कुणी घुसू नये. तो डाळीशी बोले, चुलीशी बोले, मटणाशी तर वाद घाली. "हाफिजभाय, गप बस रे जरा," हे वाक्य छावणीत दिवसातून इतक्यांदा ऐकू येई की मला ते बांगेसारखं ओळखीचं झालं होतं.

एकदा मोठी गंमत झाली. साहेबांना कागदावरच्या रेघांत काहीतरी नवीन दिसलं. साहेब म्हणजे यंत्राच्या ट्रकमध्ये बसणारे इंग्रज इंजिनियर. लांबट, लाल नाकाचे, कामात पक्के. स्फोटाचा प्रतिध्वनी संपल्यावरही सारख्या अंतराने धक्के येत होते. असा ठोका त्यांनी कुठल्याच देशात पाहिला नव्हता. ते भिंग घेऊन दुपारभर बसले. खाली काहीतरी विलक्षण आहे असं त्यांना वाटू लागलं. मग जेवणाच्या तंबूकडे जाताना त्यांना तोच ठोका पायाखाली जाणवला. आत हाफिजभाय जमिनीत अर्धा पुरलेल्या लोखंडी खलबत्त्यात मसाला कुटत होता आणि प्रत्येक घावाबरोबर मिरच्यांना काहीतरी सांगत होता.

साहेब ओरडले नाहीत. ते ओरडत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं की स्वयंपाकाचा तंबू उद्यापासून टेकडीपलीकडे जाईल, आणि हाफिजमुळे आणखी एक रेकॉर्ड बिघडला तर हाफिज मुंबईच्या पहिल्या बोटीवर बसेल.

हाफिजभाय त्या दिवशी खरोखर घाबरला. तो जहूरला म्हणाला, "गावात मी सांगून आलोय, तेल शोधायला जातोय म्हणून. सगळा मोहल्ला धक्क्यावर आलेला पोचवायला. आता जाऊन काय सांगू? मसाला कुटला म्हणून काढलंन?"

"मग तोंड सांभाळ आणि हात पण," जहूर म्हणाला. त्याला थट्टेची लहर आली. त्याने मला बोटाने दाखवलं. "हे बघ, हे साहेबाचे टेलिफोन. हितं बोललेलं सगळं साहेबाला तिकडं ऐकू जातं."

"सगळं?"

"सगळं."

हाफिजभायचा चेहरा उतरला. आदल्याच दिवशी माझ्या शेजारून जाताना त्याने साहेबांच्या उकडलेल्या अंड्याबद्दल मत दिलं होतं. मीठ नाही, मिरी नाही, नुसतं पांढरं अंडं खाणाऱ्या माणसाला आजारी म्हणावं की फकीर, असं काहीसं. तेव्हापासून तो आमच्याजवळून जाताना थांबे, वाकून मोठ्याने म्हणे, "अपना साहब बहुत अच्छा आदमी है," आणि पुढे जाई. कधी कधी परत येऊन म्हणे, "अंडा भी अच्छा चीज है." जहूर पोट धरून हसे, पण खरं काय ते सांगत नसे.

हे असं चाललं असताना हिवाळा आला. तुम्हाला वाटेल, वाळवंटात कसलं धुकं. पण हिवाळ्यात कधी कधी समुद्राकडून असं धुकं येतं की तंबूच्या दोऱ्यांतून पाणी ठिबकतं आणि माणसाला स्वतःच्या चपला दिसत नाहीत. त्या दिवशी सकाळी तसंच झालं. वारा पूर्ण पडला होता. आमच्या कामाला इतकी शांतता सोन्यासारखी, म्हणून साहेबांनी ठरवलं की धुकं असलं तरी स्फोट करायचा. खरं तर भोक डोळ्यांनी दिसल्याशिवाय उडवू नये, असं शहाणपण सगळ्यांनाच होतं. पण काम मागे पडलं होतं आणि धुकं जाता जात नव्हतं.

डायनामाइटचं काम नसरुद्दीन पाही. सावकाश माणूस. सुरुंगाला तो घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवी. पहाटेच त्याने भोकात डायनामाइट सोडलं, वर वाळू भरली, खुणेला काठीवर लाल फडकं बांधलं आणि तारा ओढत टेकडीच्या आडोशाला, सुरुंग उडवायच्या पेटीपाशी जाऊन बसला. त्याच्याजवळ ट्रकशी बोलायचा फोन होता. तो मात्र खराच फोन होता. मी वाळूच्या ढिगाला लागून, माझ्या मानाच्या जागी.

थोड्या वेळाने माझ्या वेटोळ्याला पावलं जाणवली. एक पाय जड, एक हलका, म्हणजे एका हातात किटली असलेला माणूस. हाफिजभाय टेकडीपलीकडच्या तंबूतून साहेबांचा चहा घेऊन निघाला होता. रोज तो लॉरीच्या चाकोरीवरून येई. आज चाकोरी दिसत नव्हती. तो वाळूत गोल गोल फिरला आणि नेमका माझ्यापाशी आला.

आधी त्याला लाल फडकं दिसलं. दवाने भिजून ते काठीला चिकटलं होतं. मित्रांनो, स्वयंपाक्याला फडकं दिसलं की एकच उपयोग सुचतो. त्याने ते पिळलं, तोंड पुसलं, हात पुसले आणि कमरेला खोवलं. मग त्याला मी दिसलो.

"अल्लाची मेहेरबानी," तो म्हणाला. "टेलिफोन हाय."

तो पालथा पडला, तोंड माझ्याजवळ आणलं आणि वाळूवर मूठ आपटून म्हणाला, "हॅलो. हॅलो साहब. हाफिज स्पीकिंग."

तिकडे ट्रकमध्ये माझा ठिपका उडी मारून काचेच्या कडेला गेला. हे मला पुढे जहूरने सांगितलं. साहेब स्फोटाची खूण द्यायच्या बेतात होते. त्यांनी हात मागे घेतला.

"भोकाजवळ काहीतरी फिरतंय," ते म्हणाले. "उंट असेल. जाईल."

उंट जात नव्हता. उंट सांगत होता की तो कुठे आहे ते त्याला माहीत नाही, पण चहा त्याच्यापाशी आहे आणि गरम आहे. मग सांगू लागला की तंबू टेकडीपलीकडे नेला नसता तर ही वेळच आली नसती, पण त्याचं त्याला काही वाईट वाटत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो मूठ आपटे. टेकडीच्या पलीकडून नसरुद्दीनने रिवाजाप्रमाणे "हटो, हटो" अशी हाक दिली. धुक्यात ती हाक कुठून आली ते हाफिजभायला कळलं नाही. "हटू कुठं? हितंच हाय," त्याने उत्तर दिलं. ते उत्तर टेकडीने गिळून टाकलं.

मला सगळं ठाऊक होतं. माझ्याखाली काय आहे, तारा कुठे जातात, आणि ठिपका शांत झाला की काय होणार. जोवर हा माणूस बोलतो आहे, तोवर तो जगणार होता. ज्याला सगळी छावणी गप बस म्हणत आली, त्याने आता गप्प बसू नये, अशी प्रार्थना करणारा मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हतं.

सुरुवातीला मला फार काळजी वाटली नाही. हाफिजभाय गप्प बसेल, ही भीती कुणालाच कधी वाटली नव्हती. त्याने फोनवर डाळ कशी फोडणीला टाकायची ते सांगितलं. बायको ताहेरुन्निसा हिला निरोप सांगितला की मी ठीक आहे, थोडा हरवलोय. पलीकडून उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याला राग येऊ लागला. "साहेब, माणूस एवढं बोलतो तर निदान हां तरी म्हणावं. अंड्यासारखा गप काय बसलास?" असं तो मराठीत म्हणाला. मग घाबरून त्याने "साहब बहुत अच्छा आदमी है" हेही जोडलं.

पण घसा कुणाचाही असो, तो कोरडा पडतोच. हाफिजभायने किटलीकडे पाहिलं. थोडा वेळ त्याने मन आवरलं. मग साहेबांचा चहा स्वतःच प्यायला, अगदी तळापर्यंत. गरम चहाने त्याच्या अंगात ऊब आली, पहाटेपासूनची धावपळ डोळ्यांवर उतरली. शेजारी भोकावरच्या वाळूचा ढीग उशीसारखा उंच होता. त्याने त्यावर डोकं टेकलं.

"थांबा, साहब," तो पुटपुटला. "आणि..."

तो झोपी गेला. एरवी त्याच्या घोरण्याने तंबूचे खुंटे हलत. त्या दिवशी तो तान्ह्या बाळासारखा बिनआवाजाचा झोपला. मला फक्त त्याच्या छातीतली धडधड ऐकू येत होती. मी ती जिवाच्या आकांताने वायरमधून पाठवत राहिलो. पण ती फार बारीक होती. काचेवर ठिपका स्थिर दिसत होता.

ट्रकमध्ये साहेबांनी सुस्कारा सोडला. "गेला उंट," ते म्हणाले. फोन उचलून त्यांनी विचारलं, "नसरुद्दीन, रेडी?"

"रेडी, साहब."

सगळे ठिपके सरळ ओळीत उभे होते. इतकी शांत काच त्यांनी त्या वाळवंटात पाहिली नव्हती. आता फक्त एक शब्द उच्चारायचा होता. साहेब तो उच्चारेनात. त्यांनी दाराबाहेर धुक्याकडे पाहिलं.

"जहूर," ते म्हणाले, "आज इतकं शांत का वाटतंय?"

जहूर दारात उभा होता. तोही ऐकू लागला. "हाफिज अजून आला नाही, साहेब," तो म्हणाला.

"आणि चहा?"

"चहा पण नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, फक्त नाक तेवढं लाल राहिलं. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि हळू, एकेक शब्द तोडून सांगितलं, "नसरुद्दीन, तारा काढ. दोन्ही. पेटीला हात लावू नकोस. तारा काढ."

नसरुद्दीनने तारा काढल्या. मग जहूर केबल हातात धरून धुक्यात शिरला. केबल जिथे नेईल तिथे तो जात होता आणि त्याच्या मागे साहेब, टोपी न घालता, एका पायात बुटाची नाडी सुटलेली. त्यांची पावलं मी दुरून ओळखली. इतक्या उशिरा आलेली पावलं मला तोवर कधी इतकी आवडली नव्हती.

त्यांना हाफिजभाय दिसला. सुरुंगाची उशी, कमरेला लाल फडकं, छातीवर रिकामी किटली. जहूर तिथेच वाळूत खाली बसला. साहेब वाकले, त्यांनी हाफिजभायच्या खांद्याला हात लावला.

हाफिजभायने डोळे उघडले. "फोन मिळाला ना, साहब?" तो म्हणाला. "मी केव्हापासून बोलतोय."

साहेबांनी ढिगातून निघालेल्या तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हो, हाफिज," ते म्हणाले. "मिळाला. सगळं ऐकलं."

"सगळं?" हाफिजभाय उठून बसला. त्याचं तोंड पांढरं पडलं. ते सुरुंगामुळे नव्हतं, अंड्यामुळे होतं.

सुरुंगाचं त्याला थोड्या वेळाने सांगितलं. तेव्हा मात्र तो एक शब्द न बोलता उठला आणि जहूरच्या मागोमाग तंबूत गेला. दुपारी तो गप्प होता. त्याने जेवण वाढलं, भांडी आवरली, मटणाशीही बोलला नाही. कुणाला घास गोड लागेना. नसरुद्दीनने येऊन त्याला दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना. शेवटी जहूर त्याच्या चुलीशी जाऊन बसला. "हाफिजभाय," तो म्हणाला, "ते टेलिफोनचं मी खोटं सांगितलेलं. त्याच्यातून बोलणं जात नाय. नुसती जमीन हाललेली कळते."

हाफिजभायने डाव खाली ठेवला. "म्हणजे अंड्याचं साहेबाला कळलं नाय?"

"नाय."

"आणि तू हे इतके दिवस मला सांगितलं नायस," हाफिजभाय म्हणाला, आणि मग तो जो सुरू झाला तो संध्याकाळच्या मगरिबच्या अजानेपर्यंत थांबला नाही. जहूर खाली मान घालून ऐकत होता आणि हसत होता. त्या दिवशी त्याला कुणीही गप बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. साहेब स्वतः चालत भोकापर्यंत आले, चारी बाजूंना पाहून गेले आणि मगच स्फोट झाला. तेव्हापासून भोक डोळ्यांना दिसल्याशिवाय आमच्या छावणीत पुन्हा सुरुंग उडाला नाही. स्वयंपाकाचा तंबू टेकडीअलीकडे परत आला. मसाला कुटायची वेळ साहेबांनी आणि हाफिजभायने बसून ठरवली. बोटीचा विषय निघाला नाही. त्या भोकाचा रेकॉर्ड फार सुंदर आला म्हणतात. पुढे तिथे विहीर खणली, तर खारं पाणी निघालं. पण ती माझी चूक नव्हे. मी जमीन हलली एवढंच सांगतो.

त्यानंतर मी बरीच वर्षं वाळू ऐकली. मग माझी स्प्रिंग सैल झाली. नवे, हलके जिओफोन आले. मला गंजक्या खोक्यात टाकलं. कुणी माझ्या खिळ्याने डबे फोडले, कुणी मला खुंट्यासारखा ठोकून शेळी बांधली. शेळीचं चघळणं मला अजूनही थोडं ऐकू येत होतं, पण ते कुणाला कळवायचं हे सुचेना. साठीचं दशक सरत आलं तेव्हा छावणी मोडली. त्या वेळी जहूरने स्टोअरकीपरला विचारून मला उचललं आणि दोह्यात, नजमा नावाच्या वस्तीतल्या खोलीवर आणलं. इथे कोकणातली बरीच मंडळी दाटीवाटीने राहतात. मी खिडकीत असतो. जहूर शुक्रवारी माझ्यावरची धूळ पुसतो. बाकीचे विचारतात की हा लोखंडी लाडू कशाला ठेवलायस. तो नुसता हसतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्या वस्तू तुमच्यासाठी कान लावून बसतात, त्यांना लाथाडू नका. त्यांना खुंट्यासारखं ठोकू नका, शेळी बांधायला दुसरं काहीही चालतं. आणि माणसांचं म्हणाल, तर तुमच्या घरात, शेजारात एखादा फार बोलणारा असेलच. तो कधी अचानक गप्प झाला, तर सुटलो असं म्हणून बसून राहू नका. पायात चपला घाला आणि तो कुठे आहे ते बघून या.

बहुतेक वेळा तो झोपलेला असेल. तरीही जा.